लॅक्रॉसचा धंदेवाईक खेळाडू

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन शब्द खेळांच्या जगांत जुने आहेत. हौशी खेळाडू खेळाच्या प्रेमानें खेळतो आणि धंदेवाईक खेळाडू पैशासाठीं खेळतो, अशी त्यांची सोपी व्याख्या सांगितली जाते. आणि ती सांगतांना पहिल्याकडे आदरानें व दुसऱ्याकडे कांहींशा उपेक्षेनें पाहण्याचा प्रघात पुष्कळ वर्षें चालत आला. उत्तर अमेरिकेंतील लॅक्रॉस या खेळाचा इतिहास पाहूं लागलें, कीं ही सोपी व्याख्या लंगडी पडते. तेथें ‘धंदेवाईक’ हा शब्द एके काळीं वापरला गेला तो कोणाला पगार देण्यासाठीं नव्हे. ज्या लोकांनीं हा खेळ जगाला दिला, त्यांनाच स्पर्धेबाहेर ठेवण्यासाठीं तो उपयोगांत आला. त्याच लोकांतील एक मुलगा पुढें या खेळाचा नामांकित धंदेवाईक खेळाडू झाला. लाइल थॉम्पसन हें त्याचें नांव. त्याची कारकीर्द समजून घेतली, म्हणजे या खेळाचा धंदा कसा चालतो हें कळतें; आणि धंदा व श्रद्धा यांची फारकत नेहमींच करतां येत नाहीं, हेंही ध्यानांत येतें.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. लॅक्रॉसचें मुख्य साधन म्हणजे एक काठी आणि तिच्या टोकाला विणलेली जाळीची खोलगट झोळी. चेंडू भरीव रबराचा असतो. त्याचें वजन सुमारें १४५ ग्रॅम. तो झोळींत झेलावयाचा, झोळींतूनच सोबत्याकडे फेंकावयाचा आणि झोळींतूनच प्रतिपक्षाच्या गोलांत मारावयाचा. धांवणाऱ्या खेळाडूनें त्याला हात लावावयाचा नाहीं. धांवतांना चेंडू पडूं नये म्हणून खेळाडू मनगटाच्या हालचालीनें काठी सारखी हेलकावत ठेवतो. त्या हेलकाव्यानें चेंडू बाहेर न उसळतां झोळीच्या कुशीला दबून राहतो. काठीच्या लांबीमुळें हाताचा पल्ला वाढतो आणि गोफणींतून सुटलेल्या दगडाप्रमाणें चेंडूला वेग येतो. पॉल रेबिल या अमेरिकन खेळाडूनें २००९ सालीं मारलेल्या चेंडूचा वेग ताशीं १११ मैल, म्हणजे सुमारें १७८ किलोमीटर, मोजला गेला होता. प्रतिपक्षाला खांद्यानें रेटण्याची आणि त्याच्या काठीवर काठी मारण्याची नियमांत मुभा असल्यामुळें हा खेळ जितका चपळाईचा, तितकाच अंगावर मार घेण्याचाही आहे. उघड्या मैदानावर दर बाजूस १० खेळाडू असतात; बंदिस्त सभागृहांतील प्रकारांत गोलरक्षक धरून ६ असतात.

हा खेळ कोणा एका गृहस्थानें बसून रचलेला नाहीं. युरोपीय लोक उत्तर अमेरिकेंत येण्यापूर्वींपासून तेथील अनेक जमातींत तो चालत होता. त्यांत होडेनोशोनी या नांवानें स्वतःस ओळखणाऱ्या राष्ट्रसंघाचा या खेळाशीं विशेष जिव्हाळ्याचा संबंध आहे. होडेनोशोनी म्हणजे लांबघराचे लोक. अनेक कुटुंबें एका छपराखालीं ज्या लांबच लांब घरांत राहत, त्यांवरून हें नांव पडलें. मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्कारोरा अशीं ६ राष्ट्रें या संघांत मोडतात. फ्रेंचांनीं त्यांना इरोक्वॉय म्हटलें. त्यांच्या श्रद्धेप्रमाणें लॅक्रॉस ही सृष्टिकर्त्याची देणगी आहे. ती त्याच्या करमणुकीसाठीं आणि माणसांच्या आरोग्यासाठीं खेळावयाची. गांवांत कोणी आजारी पडलें, कीं त्याला बरें वाटावें म्हणून सामना योजावयाचा, ही चाल त्यांच्यांत आजही आहे. ज्याँ द ब्रेबफ या फ्रेंच धर्मोपदेशकानें १६३६ सालीं शेजारच्या ह्यूरॉन लोकांविषयीं लिहितांना, वैदू रोगनिवारणार्थ हा खेळ खेळावयास सांगतो, अशी नोंद केली आहे. ‘ला क्रॉस’, म्हणजे वांकड्या टोकाची काठी, हें नांवही फ्रेंचांचेंच.

ती काठी म्हणजे देखील सामान्य वस्तु नव्हे. हिकरी नांवाच्या चिवट लांकडाचा ओंडका उभा चिरून त्याची फांक काढावयाची, ती वाफेवर मऊ करून टोंकाशीं वांकवावयाची, महिनोन् महिने सुकूं द्यावयाची, मग तासून तिला कातड्याची जाळी विणावयाची, असा हा उद्योग असतो. ऑनंडागा वस्तींतील ॲल्फी जॅक्स (१९४९–२०२३) या कारागिरानें अशा काठ्या घडविण्यांत आयुष्य घालविलें. १९७० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या टोपाची हलकी काठी निघाली आणि धंदेवाईक खेळ सगळा तिच्यावर गेला. पण औषधी म्हणून योजलेल्या सामन्यांत लांकडाच्या काठीचाच मान कायम राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माँट्रिआलच्या गोऱ्या तरुणांना या खेळाची गोडी लागली. विल्यम जॉर्ज बीअर्स या तेथील दंतवैद्यानें १८६० सालीं त्याचे नियम लिहून काढले आणि १८६७ सालीं त्यांना नीट बांधेसूद रूप दिलें. केंस भरलेल्या कातडी चेंडूच्या जागीं रबराचा चेंडू आला. शेंकडों माणसें मैलभर रानांत धांवत, त्याऐवजीं दर बाजूस १२ खेळाडू आणि आंखलेलें मैदान आलें. खेळाची प्रसिद्धि वाढविण्यासाठीं मात्र त्याच्या मूळ धन्यांची गरज लागे. १८७६ सालीं बीअर्सनें काग्नावागा येथील मोहॉक खेळाडूंना घेऊन इंग्लंडचा दौरा केला. विंडसर येथें राणी व्हिक्टोरियानें त्यांचा खेळ पाहिला.

पुढें अवघ्या चार वर्षांनीं, १८८० सालीं, कॅनडांतील लॅक्रॉसच्या राष्ट्रीय संघटनेनें आपल्या नांवांत ‘हौशी’ हा शब्द घातला आणि तिच्या स्पर्धांत केवळ हौशी खेळाडूंनींच उतरावें असें ठरविलें. वरवर पाहतां हा नियम सर्वांना सारखाच होता. पण त्याचा आघात कोणावर झाला तें पाहिलें पाहिजे. वकिलाच्या किंवा व्यापाऱ्याच्या मुलाला सामन्यासाठीं दुसऱ्या शहरीं जाण्याचा खर्च पदरचा करतां येई. मोहॉक खेळाडूला तो परवडत नसे. तिकिटांच्या उत्पन्नांतून त्याचें प्रवासभाडें व भत्ता दिला जाई. तेवढ्यावरून तो ‘धंदेवाईक’ ठरला आणि अजिंक्यपदाच्या स्पर्धेंतून बाद झाला. ज्याच्यासाठीं हा खेळ पूजेसारखा होता, त्यालाच पैशासाठीं खेळणारा असें म्हटलें गेलें. अपवाद क्वचित् घडले. १९०४ सालीं सेंट लुईच्या ऑलिंपिक सामन्यांत मोहॉक खेळाडूंचा एक संघ उतरला आणि त्यानें तिसरें स्थान मिळविलें. परंतु तो उतरला कॅनडाचा दुसरा संघ म्हणून, स्वतःच्या राष्ट्राचा म्हणून नव्हे.

इकडे गोऱ्या क्लबांत पैसा उघडपणें आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅनडांत लॅक्रॉसला मोठी गर्दी लोटे. न्यूझी लालोंद हा खेळाडू आज आइस हॉकीचा वीर म्हणून आठवला जातो, पण १९११ च्या सुमारास व्हँकुव्हरच्या क्लबानें त्याला जी रक्कम देऊं केली, ती त्याच्या हॉकीच्या कमाईहून मोठी होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा धंदा बसला. १९३१ सालीं बर्फाच्या सभागृहांच्या मालकांनीं उन्हाळ्यांत रिकाम्या पडणाऱ्या जागेचा उपयोग करण्यासाठीं बंदिस्त लॅक्रॉस काढला. हा प्रकार होडेनोशोनी वस्त्यांतही लवकरच घर करून राहिला. त्यांतून पुढें आलेला हॅरी स्मिथ हा मोहॉक खेळाडू जे सिल्व्हरहील्स या नांवानें चित्रपटांत गेला आणि ‘लोन रेंजर’ मालिकेंतील टोंटोच्या भूमिकेनें घरोघरीं ओळखला जाऊं लागला.

आजच्या धंदेवाईक खेळाची घडी १९८७ पासूनची म्हणतां येईल. त्या वर्षीं चार शहरांच्या संघांनीं बंदिस्त लॅक्रॉसची एक साखळी स्पर्धा सुरू केली. नांव बदलत बदलत १९९८ सालीं तिचें ‘नॅशनल लॅक्रॉस लीग’ झालें. उघड्या मैदानासाठीं २००१ सालीं ‘मेजर लीग लॅक्रॉस’ निघाली. २०१९ सालीं पॉल रेबिल व त्याचा भाऊ माइक यांनीं उभारलेल्या ‘प्रीमियर लॅक्रॉस लीग’चे सामने सुरू झाले, आणि २०२० च्या अखेरीस जुनी लीग तिच्यांत विलीन झाली. बंदिस्त खेळ हिवाळ्यापासून वसंतापर्यंत आणि मैदानी खेळ उन्हाळ्यांत, अशी वांटणी असल्यामुळें मेहनती खेळाडूला दोन्हीकडे खेळतां येतें. या धंद्यांत शिरण्याचा रस्ता बहुधा विद्यापीठांतून जातो. चार वर्षें विद्यापीठाच्या संघांतून खेळल्यावर संघमालक पाळीपाळीनें नव्या खेळाडूंची निवड करतात. आदल्या वर्षीं जो संघ दुबळा ठरला त्याला सामान्यतः आधीं निवडण्याचा मान मिळतो.

येथपर्यंतचा थाट बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या धंद्यासारखाच दिसतो. फरक पगाराच्या दिवशीं कळतो. लॅक्रॉसच्या सामन्यांचें वेतन पुष्कळ वर्षें असें होतें, कीं त्यावर बाराही महिने संसार चालूं नये. म्हणून सामने शनिवार-रविवारीं ठेवावयाचे आणि खेळाडूंनीं आठवडाभर दुसरी नोकरी करावयाची, असा पायंडा पडला. कोणी शाळेंत शिक्षक, कोणी अग्निशामक दलांत, कोणी पोलिसांत. याचें ठळक उदाहरण म्हणजे जॉन टॅव्हेरस. १९९२ पासून २०१५ पर्यंत २४ हंगाम तो बफेलोच्या संघांतून खेळला आणि ८१५ गोल त्याच्या नांवावर जमा झाले. पण सोमवारीं सकाळीं तो कॅनडांतील मिसिसागा शहरीं शाळेंत गणित शिकवावयास हजर असे. खेळणें थांबल्यावर तो त्याच संघाचा मार्गदर्शक झाला आणि २०२३, २०२४ व २०२५ अशीं ओळीनें तीन वर्षें त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. प्रीमियर लीगनें आरंभापासूनच खेळाडूंना आरोग्यविमा व संस्थेच्या भांडवलांत वांटा देऊं केला, तो याच उणिवेकडे पाहून. तरीसुद्धां मुलांचीं शिबिरें चालविणें, काठ्या बनविणाऱ्या कंपन्यांशीं करार करणें, शिकवण्या देणें, हे जोडधंदे पुष्कळांना करावेच लागतात. लॅक्रॉसचा धंदेवाईक खेळाडू म्हणजे बहुधा असा मनुष्य, कीं ज्याला खेळाचे पैसे मिळतात, पण पैशाच्या हिशेबानें पाहिलें तर ज्यानें दुसरें कांहीं करावयास हवें होतें.

लाइल थॉम्पसनचा जन्म १९९२ सालचा. न्यूयॉर्क संस्थानांत सिराक्यूज शहराच्या दक्षिणेस असलेल्या ऑनंडागा राष्ट्राच्या वस्तींत तो वाढला. जेरेमी, जेरोम आणि माइल्स हे त्याचे तिघे थोरले भाऊ. चौघेही लॅक्रॉसचे खेळाडू. लाइल आणि माइल्स हे दोघे भाऊ व टाय थॉम्पसन हा त्यांचा चुलतभाऊ असे तिघे ऑल्बनी येथील विद्यापीठाच्या संघांत एकत्र आले. हा संघ कांहीं मातबर विद्यापीठांचा नव्हता. या तिघांनीं त्याचें नांव देशभर केलें. लहानपणापासून सभागृहाच्या अरुंद जागेंत खेळल्यामुळें त्यांच्या हातीं एक वेगळें कसब आलें होतें: पाठीमागून चेंडू देणें, न पाहतां देणें, दोन प्रतिपक्ष्यांच्या फटींतून चेंडू काढणें. २०१४ च्या हंगामांत लाइलनें ५१ गोल केले आणि ७७ गोलांना चेंडू पुरविला. असे १२८ गुण झाले. विद्यापीठीय खेळाच्या पहिल्या श्रेणींत एका हंगामाचा पूर्वीचा उच्चांक ११४ होता आणि तो १९९२ पासून, म्हणजे लाइलच्या जन्मवर्षापासून, टिकून होता. त्याच हंगामांत माइल्सनें ११९ गुण मिळविले. म्हणजे एकाच घरच्या दोघां भावांनीं तो उच्चांक एकदमच मागें टाकला. चार वर्षांत मिळून लाइलचे ४०० गुण झाले.

विद्यापीठांतील सर्वोत्तम खेळाडूस २००१ पासून एक पारितोषिक देण्यांत येतें. त्याचें नांव ‘टेवारॅटन’. हा लॅक्रॉससाठींचा मोहॉक भाषेंतील शब्द आहे, आणि पारितोषिकाची मूर्ति आहे ती मोहॉक खेळाडूचीच. तरीपण पहिलीं तेरा वर्षें तें एकाही मूळ अमेरिकन खेळाडूच्या हातीं गेलें नव्हतें. २०१४ सालीं तें लाइल आणि माइल्स या दोघांना विभागून मिळालें. दोघांत विभागण्याचीही ती पहिलीच वेळ. पुढल्या वर्षीं लाइलनें तें एकट्यानें पुन्हां मिळविलें.

२०१५ सालीं तो धंद्यांत उतरला, तेव्हां मैदानी आणि बंदिस्त अशा दोन्ही लीगांच्या निवडींत त्याचेंच नांव पहिलें पुकारलें गेलें. बंदिस्त खेळांत जॉर्जियाच्या संघानें त्याला घेतलें. २०१७ सालीं या संघानें अजिंक्यपद पटकावलें. माइल्सही त्याच संघांत होता, आणि लाइल हा त्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. २०१९ सालीं मैदानी खेळांतही त्याच्या चेसापीकच्या संघानें विजेतेपद मिळविलें. लीगांच्या विलीनीकरणानंतर तो कॅनन्स या संघांतून खेळला. लीगचें सद्वर्तनाचें पारितोषिकही त्याला वारंवार मिळालें आहे. जेथें काठीवर काठी मारण्याची मुभा आहे, तेथें या गोष्टीचें महत्त्व विशेष मानलें पाहिजे.

परंतु पगार देणारें मैदान मान देईलच असें नाहीं. लाइल केंसांची लांब वेणी ठेवतो. मूळ अमेरिकन लोकांत या केंसांना अर्थ आहे; त्यांच्या मुलांना सरकारी व मिशनच्या निवासी शाळांत नेऊन त्यांचे केंस कापीत असत, या इतिहासामुळें तो अर्थ अधिकच गहिरा झाला आहे. जानेवारी २०१९ मध्यें फिलाडेल्फिया येथील सामन्यांत खुद्द सामन्याच्या निवेदकानें ध्वनिक्षेपकावरून त्याची शेंडी छाटण्याची भाषा केली. त्या निवेदकास कामावरून दूर करण्यांत आलें. १८८० च्या नियमानें जी भिंत घातली, ती कागदावरून पुसली गेल्यावरही लोकांच्या मनांतून लवकर जात नाहीं, हें या प्रसंगावरून दिसून आलें.

लाइलचा तिसरा पोशाख आहे तो राष्ट्राचा, आणि त्याची कथा सर्वांत महत्त्वाची आहे. १९८३ सालीं ऑनंडागाचे मुखिया व पूर्वींचे नामांकित गोलरक्षक ऑरेन लायन्स यांनीं सहकाऱ्यांसह होडेनोशोनी लोकांचा स्वतंत्र संघ उभारला. आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्याला मान्यता दिली आणि १९९० सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें तो जागतिक स्पर्धेंत उतरला. हे खेळाडू स्वतःच्या राष्ट्राचे पासपोर्ट घेऊन प्रवास करतात. २०१० सालीं मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेस निघतांना ब्रिटिश सरकारनें त्या पासपोर्टांवर प्रवेश नाकारला. अमेरिकेचे पासपोर्ट घेतले असते तर ते जाऊं शकले असते. त्यांनीं ते घेतले नाहींत, आणि न खेळतांच परतले. २०१४ सालीं डेन्व्हर येथें त्यांना जागतिक स्पर्धेंतील पहिलें कांस्यपदक मिळालें. त्या संघांत लाइल आणि त्याचे भाऊ होते. २०१८ व २०२३ सालीं तेंच स्थान त्यांनीं पुन्हां मिळविलें.

२०२२ च्या बर्मिंगहॅम येथील जागतिक क्रीडामहोत्सवांतून हा संघ प्रथम वगळण्यांत आला होता. कारण असें, कीं तो ऑलिंपिक संघटनेनें मानलेल्या देशाचा संघ नव्हता. या निर्णयावर गिल्ला झाला, तेव्हां आयर्लंडच्या संघानें आपली जागा सोडून ती होडेनोशोनींना मिळवून दिली. हातचा मोठा सामना दुसऱ्यासाठीं सोडण्याचीं उदाहरणें खेळांच्या इतिहासांत थोडींच सांपडतील.

यानंतरचा महत्त्वाचा निर्णय मुंबईंत झाला. ऑक्टोबर २०२३ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचें १४१ वें अधिवेशन त्या शहरीं भरलें. आपल्याकडील वृत्तपत्रांनीं त्यांतील क्रिकेटच्या पुनरागमनाची बातमी ठळक अक्षरांत छापली. पण त्याच ठरावानें २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांत लॅक्रॉसलाही प्रवेश मिळाला. पदकासाठीं हा खेळ ऑलिंपिकमध्यें १९०८ नंतर झाला नव्हता. या वेळीं त्याचें रूप आटोपशीर ठरविण्यांत आलें: दर बाजूस ६ खेळाडू आणि ८ मिनिटांचे ४ डाव. सभागृहाच्या अरुंद जागेंत ज्यांचें कसब तयार झालें, त्यांना मानवेल असाच हा प्रकार आहे.

पण ऑलिंपिकच्या सनदेप्रमाणें संघ पाठविण्याचा अधिकार मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समितीलाच असतो, आणि होडेनोशोनींची अशी समिती नव्हती. त्यांची भूमि अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीच्या दोन्ही अंगांस पसरलेली आहे. १७९४ च्या कॅनंडेग्वा येथील तहाचा आधार देऊन ते आपणांस स्वतंत्र राष्ट्र मानतात. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडन यांनीं त्यांना स्वतःच्या झेंड्याखालीं खेळूं द्यावें असें जाहीरपणें म्हटलें. ऑलिंपिक समितीनें मात्र, त्यांचे खेळाडू अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या संघांतून येऊं शकतील, या नियमाकडे बोट दाखविलें.

हे सामने भरतील तेव्हां लाइल थॉम्पसनला पस्तीस वर्षें पुरीं झालेलीं असतील. या वयांत धांवणाऱ्या खेळाडूची कारकीर्द उताराला लागते. पुढल्या ऑलिंपिकची वाट पाहण्याइतका वेळ त्याच्यापाशीं उरत नाहीं. त्याच्या पूर्वजांना १८८० सालीं सांगण्यांत आलें कीं, तुम्ही पैसे घेतां म्हणून तुम्हांला खेळतां येणार नाहीं. आज पैसे घेण्याचा दोष कोणी मानीत नाहीं. उलट त्याच धंद्यानें लाइलचें नांव मोठें केलें. आतां अट आहे ती झेंड्याची. ज्या खेळाला त्याचे लोक औषध मानतात, तो त्यानें जॉर्जियासाठीं खेळला, चेसापीकसाठीं खेळला, त्याचा मोबदलाही घेतला. तोच खेळ जगापुढें स्वतःच्या राष्ट्रासाठीं खेळण्याचा अधिकार कोणत्याही करारपत्रांत लिहून मिळत नाहीं. तो इतर राष्ट्रांनीं मान्य करावा लागतो.